काजूच्या दिवसांतला अंगठा

मार्च सरला की आमच्या गावात मशीन माणसाला ओळखत नाही. रेशन दुकानावर रांग लागते, एकेक जण अंगठा लावतो, लाल दिवा लागतो. तो अंगठा पदराला नाहीतर लेंग्याला पुसून पुन्हा लावला जातो, पुन्हा लाल. मग दुसरं बोट, मग तिसरं, मग डावा हात. शेवटी दुकानदार कपाळाला हात लावून ओरडतो, "काजी संपल्यार येवा रे बाबांनो!" ओल्या काजूच्या सालीत चीक असतो. तो बोटांना लागला की कातडी आधी काळी पडते, मग तिची सालटं निघतात आणि त्यांच्याबरोबर ठसेही जातात, ते पावसाच्या तोंडावर परत येतात. हातमोजे घालून ओले काजूगर निघत नाहीत, बी हातातून सटकते. म्हणजे काजूगराची उसळ खायची तर घरातल्या कुणीतरी बोटं जाळून घ्यायची. आमच्या घरात ते कुणीतरी म्हणजे आई, बाबा आणि मी, आम्ही तिघंही. डोळ्याने ओळखणारं मशीन येणार येणार असं दुकानदार सांगतो, ते अजून वाटेतच आहे.

हे सगळं आम्हाला माहीत होतं. अगदी लहानपणापासून माहीत होतं. पण रेशन दुकान ते रेशन दुकान आणि फौज ती फौज. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल हे गावातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही, आणि शहाण्यांची आमच्याकडे काही कमी नाही.

फौजेत जायचं माझ्या डोक्यात कुणी भरवलं नव्हतं. बारावीची परीक्षा झाली होती आणि आमची गाय दावं तोडून सड्यावर गेली होती. सडा म्हणजे गावामागचं कातळाचं उघडं माळरान. तिथे वरच्या वाडीतले निवृत्त सुभेदार पोरांना पळवायचे, भरतीसाठी. मी गायीच्या मागे, पोरं सुभेदारांच्या शिट्टीच्या मागे. बघता बघता मी चपला हातात घेऊन त्यांच्यातल्या दोघांना मागे टाकलं. मनात म्हटलं, हे एवढंच असतं? हे तर मी गाय सुटली की रोजच करते! सुभेदारांनी मला हाक मारली. मला वाटलं आता शिव्या बसणार. तर ते म्हणाले, "फाल्यां बूट घालून ये." फाल्यां म्हणजे उद्या. गाय तोवर आपली आपण घरी गेली होती.

घरी सांगितलं तेव्हा बाबा माडाला पाणी लावत होते. त्यांनी पाट तसाच सोडला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"चेडवांनी फौजेत जावन काय करूचा?"

"झिलगे करतत ता," मी म्हटलं. चेडू म्हणजे मुलगी, झिलगो म्हणजे मुलगा.

"आणि चार वर्षांनी घराकडे धाडल्यानी मगे?"

आता भरती चारच वर्षांची असते, म्हणून हा प्रश्न. याला उत्तर आईने दिलं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. "चार वर्षां झाली तुमी गोठ्याची कौलां बदलूक निघालास, अजून पाणी गळता. चार वर्षांत माणूस खंयच्या खंय जाता!"

बाबांचं खरं दुखणं नोकरीचं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. मी एकुलती एक. त्यांच्या मनात मी वेंगुर्ल्याला नाहीतर कुडाळला नर्सिंगला जावं, शनिवारी एस.टी.ने घरी यावं, असं होतं. संध्याकाळी ओसरीवर ते हळूच म्हणाले, "तशी जातलंस गो. पण फौजेत गेल्यार आमची रवतलंस काय?" आमची राहशील का, असं विचारत होते ते.

माझं डोकं गरम आहे, हे आताच सांगून टाकते. आईवर गेलंय. मी ताडकन म्हटलं, "आणि लगीन करून धाडलास तर मगे कोणाची रवतलंय?"

बाबा उठून गोठ्यात गेले. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यायची आमच्यात पद्धत नाही. रात्री जेवताना त्यांनी ताटावर बोट आपटून सौदा सांगितला. "एकदाच. एकदा जावन ये. झाला तर तुझा नशीब. नाय झाला तर गप नर्सिंगक जायाचा, परत भरतीचा नाव काढूचा नाय." मीही तितक्याच तोऱ्यात होय म्हटलं. एकदा म्हणजे एकदा.

मग वर्षभर सडा. पावसात कातळावर शेवाळ धरतं तेव्हा डांबरी रस्त्यावर, भात कापणीच्या दिवसांत पहाटे, बाकी सगळं वर्ष सड्यावर. गावात गजाली, म्हणजे गप्पा, सुरू झाल्या. हिला कोण करून घेणार, हिचे पाय बघा कसे मुलग्यांसारखे झालेत. आई पाणवठ्यावर ऐकून यायची आणि मला सांगायची नाही, पण तव्यावर भाकरी आपटायची तिची रीत बदलायची, त्यावरून मला कळायचं. लेखी परीक्षा पास झाले आणि मैदानावरच्या भरतीचं बोलावणं आलं ते नेमकं भर काजूत. घाटावर जायचं होतं.

सुभेदारांनी मला ओसरीवर उभं करून नखशिखांत तपासलं. दात बघितले, कानात मळ आहे का बघितलं, गुडघे एकमेकांना लागतात का, तळवा सपाट आहे का, सगळं बघितलं. हातही बघितले. म्हणाले, "नखां काप." काळ्या बोटांवर त्यांची नजर गेली आणि तशीच पुढे गेली, कारण त्यांची स्वतःची बोटंही तशीच होती. त्यांच्या काळात अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला की झालं.

घाटावर माझी आत्या राहते, तिच्याकडे बाबांचा आणि माझा मुक्काम ठरला. आता काजूच्या दिवसांत आमच्याकडून कुणी घाटावरच्या नातेवाइकाकडे रिकाम्या हाताने गेलं, तर तो भांडण काढायलाच आला असं धरतात. बाबांनी आठवडाभर आधीच बजावलं, "आतेक डबो भरून काजूगर होये. वर्षभर वाट बघता ती." मग काय, आई आणि मी रोज दुपारी मागच्या पडवीत बसायचो. आई आडाळ्यावर, म्हणजे आमच्या विळीवर, बी मधोमध कापायची, मी काडीने आतला गर काढायची. हाताला राख, राखेवर खोबरेल, तरी चीक तो चीक. मी पळण्याच्या गोष्टी सांगत बसले की आई म्हणायची, "गजालीन घो खाल्लो! हात चालव." म्हणजे गप्पांच्या नादात नवरा गमावला. डबा भरला तोवर माझ्या बोटांची पहिली सालटं निघायला लागली होती. मी ती दातांनी सोलत बसले होते. आनंदात होते हो मी! कुणी म्हणतं हातांची आग होते, मला तर तेही जाणवत नव्हतं.

निघायच्या सकाळी देवळात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे काहीही नवं करायचं तर गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, देवापुढे उभा राहून मोठ्याने सांगतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला होकार भरतात. "बा देवा महाराजा, आज ह्या तुझा लेकरू घाटार चल्ला हा!" "होय महाराजा!" "तेच्या पायात जोर दी, छातीत दम दी!" "होय महाराजा!" "वाटेत काय आडवा-तिडवा येयत, ता तुझ्या पायाखाली घे!" "होय महाराजा!" पाय, छाती, दम, वाट, सगळं देवाला सांगून झालं. बोटांचं कुणी बोललं नाही. देवाला तरी दोष कसा द्यायचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मुलींची ही मोठी रांग. आईबाप बांबूच्या कुंपणापलीकडे. बाबा आत्याने दिलेल्या चपात्यांची पिशवी घेऊन उभे होते, ती पिशवी त्यांनी खाली ठेवली नव्हती. माझा नंबर आला. टेबलावर मशीन, मशीनमागे एक तरुण जवान.

"अंगूठा लगाओ."

मी लावला. लाल.

मी अंगठा ट्रॅकपँटला पुसला आणि पुन्हा लावला. समोर मला आमचं रेशन दुकान दिसलं. दुकानदार दिसला, त्याचा कपाळावरचा हात दिसला. देवा रे! दहाच्या दहा बोटं लावून झाली. दहाच्या दहा लाल.

जवानाने माझा हात उलटा करून बघितला. "ये क्या किया है हाथों को?"

"काजू."

"काजू?"

"काजू का चीक लगा है, साहब."

"काजू तो सफेद होता है," तो म्हणाला. "ये तो काला है."

आता इथे शहाण्या मुलीने गप्प बसायचं असतं. मी बसले नाही. "साहब, काजू सफेद होता है, क्योंकि काला हमारा हाथ होता है!"

जवानाने हाक मारून पांढऱ्या मिशांच्या सुभेदारसाहेबांना बोलावलं. ते शांत होते, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी समजावून सांगितलं की भरतीत एकीच्या नावावर दुसरी येऊन उभी राहते, आणि ठसे जुळू नयेत म्हणून लोक बोटांना तेजाबसुद्धा लावतात. ओळख पटल्याशिवाय मला पळता येणार नाही. "बेटी, साइड में बैठो."

मी बाजूच्या मांडवात बसले. माझ्या मागच्या मुली पळायला गेल्या. शिट्टी ऐकू आली आणि मला रडू फुटलं. रागाचंच रडू होतं ते, पण रागाच्या खाली भीती होती. एकदाच, असा शब्द दिला होता. ते एकदा असं टेबलावरच संपणार होतं, एक पाऊल न पळता. वर्षभर सडा तुडवला, लोकांची बोलणी आईने गिळली, आणि आडवं आलं काय, तर आत्याच्या उसळीचे काजूगर!

थोड्या वेळाने सुभेदारसाहेबांनी बाबांना आत बोलावून घेतलं. बाबा आले, चपात्यांची पिशवी छातीशी धरून. "ये आपकी बेटी है? इसकी उँगलियों को क्या हुआ है?"

मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. संध्याकाळच्या गाडीने मी त्यांच्याबरोबर घरी परतले असते, नर्सिंगला गेले असते, दर शनिवारी घरी आले असते. त्यांना हवं होतं ते सगळं त्यांच्या पदरात पडत होतं, आणि दोष कुणावरच आला नसता.

बाबांनी पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात पालथे, मग उताणे करून टेबलावर पसरले. कचेरीत बोलतात तसं ठेवणीतलं मराठी काढून म्हणाले, "साहेब, आमच्या घरात सगळ्यांचे हात असेच आहेत. हिच्या आईचे याहून वाईट आहेत. काजू सोलायला मी सांगितलं हिला, माझ्या बहिणीसाठी. हिची काही चूक नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझा अंगठा लावून बघा."

साहेबांनी मान हलवली. जवानाने बाबांचा आधार नंबर घातला. अंगठा, लाल. दुसरा अंगठा, लाल. बाबा एकेक बोट देत गेले आणि मशीन एकेक बोट नाकारत गेलं. शेवटी तो जवान हसायलाच लागला. "साहब, ये तो पूरा खानदान गायब है!" पांढऱ्या मिशांखालीही काहीतरी हललं.

मग डॉक्टरबाई आल्या. त्यांनी भिंगातून माझी बोटं बघितली, दुखतं का विचारलं, बाबांची बघितली. हे चिकामुळे भाजलेलं आहे, नवी कातडी आली की ठसे आपोआप येतील, तोवर डोळ्यांनी ओळख पटवा, असं त्यांनी सांगितलं. डोळ्याचं मशीन वैद्यकीय तपासणीच्या तंबूत होतं. मी त्यात बघितलं, पापणी हलू दिली नाही, श्वाससुद्धा रोखून धरला होता. हिरवा! डोळे काही कुणी काजूत घालत नाही.

शेवटच्या तुकडीत मला पळायला मिळालं, टळटळीत दुपारी. बाकीच्या मुली उन्हाने बेजार झाल्या होत्या. एप्रिलातल्या सड्यावर पळालेल्या माणसाला घाटावरचं ऊन म्हणजे सावलीच. मी पळाले ती रागावर पळाले, आणि अर्ध्यावर राग संपला तशी मजेत पळाले.

दुपार कलल्यावर सुभेदारसाहेबांनी फाटकापाशी उभं राहून पास झालेल्यांचे नंबर वाचले. प्रत्येक नंबराला कुणी टाळी वाजवे, कुणी रडे. माझा नंबर आला आणि बांबूच्या पलीकडून खणखणीत आवाज आला, "होय महाराजा!" सगळं मैदान वळून बघायला लागलं. बाबा इतके लाजले की पिशवीत तोंड घालून चपात्या मोजत असल्यासारखं करू लागले.

परतताना एस.टी.त ते खिडकीशी बसले होते. घाट उतरायला लागल्यावर मी विचारलं, "बाबा, तुमी गप रवला असतास तर मी कायमची घराकडे इलंय असतंय. कित्याक बोललास?"

त्यांनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाले, "तू पळताना पडलंस असतंस तर माका बरांच वाटला असता, खोटा कित्याक सांगू? पण माझ्या काजींनी तुका अडवल्यानी असती, ता माका सोसला नसता." आणि बाहेर बघत राहिले. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेले.

प्रशिक्षणाचं फार सांगत नाही. पहिले काही आठवडे मी रोज रडले, मग रडायला वेळ मिळेनासा झाला, मग आवडायला लागलं. माझी भाषा ऐकून उत्तरेतल्या मुली हसायच्या, आता त्यातल्या दोघी "गो बाय" म्हणून हाक मारतात. पावसाळ्यापर्यंत माझ्या बोटांना नवी कातडी आली. तिथे प्रत्येक दारावर मशीन होतं. अंगठा टेकवला की हिरवा, टेकवला की हिरवा. पहिल्या दिवशी मी इतकी खूश झाले की उगाच दोनदा लावला, त्याबद्दल शिक्षाही झाली.

पहिली मोठी सुट्टी मिळाली ती पुढच्या वर्षी, पुन्हा काजूतच. घरी पोचले, बॅग टाकली आणि सवयीने मागच्या पडवीत आईसमोर बसले. काडी उचलणार तोच आई ओरडली, "थंयच रव! हात लावशीत तर बघ! तुझे साहेब आमका इचारतले." मी म्हटलं थोडे तरी सोलते. नाही म्हणजे नाही. बाबांनी तर काड्यांचं डबडंच उचलून माळ्यावर ठेवलं. मग ती दोघं सोलत बसली आणि मी समोर खुर्चीवर, हातात चहाचा कप. आवशीक खाव, म्हणजे आईला खावो, ही आमची शिवीच आली तोंडात. माझ्याच घरात मला पाहुणी करून ठेवलं! मी चिडले, पाय आपटले, "मी काय पावणी आसंय?" म्हणून भांडले. दोघांनी मान वर केली नाही. मला खरंच रडू येत होतं. बाबांनी ओसरीवर विचारलेला प्रश्न मला तेव्हा आठवला, आमची रवतलंस काय.

दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "चल, रेशनक जावया."

रेशन दुकानात नेहमीचा शिमगा चालला होता. रांगेतले निम्मे अंगठे पुसत होते, निम्मे परत चालले होते. दुकानदाराने बाबांना बघून लांबूनच हात हलवला. "तुमचो खंय लागतलो? काजी संपल्यार येवा."

"माझा चेडू इला हा," बाबा म्हणाले. असं म्हणाले की सगळी रांग वळली.

मी पुढे झाले आणि अंगठा ठेवला. हिरवा. मशीनमधून कागद सरसर बाहेर आला, त्यावर आमच्या घरातल्या तिघांची नावं होती, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "इलो गो बाय, एक तरी अंगठो इलो!" दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "ही फौजेत गेली मां? हिचा नाव कार्डावरून कमी करूक व्हया होता तुमी."

"कमी करूक गेलंय असतंय तर हिच्या आवशीन माका घरात घेतल्यान नसता," बाबा म्हणाले.

तांदूळ मापून होईस्तोवर आम्ही बाजूला उभे होतो. बाबांनी माझा हात हातात घेतला, उताणा केला आणि आपल्या काळ्या, खरखरीत बोटाने माझ्या अंगठ्याचं टोक चाचपलं. गुळगुळीत, स्वच्छ. "आमचा कायच रवला नाय गो ह्या हातार," ते म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे, आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. मी मशीनमधून आलेला कागद त्यांच्यापुढे धरला.

"कागद बघा तुमी," मी म्हटलं. "मशीनान माका खंयची म्हणान ओळखल्यान? तुमच्याच घरची मां? मगे रवलंय काय नाय मी तुमची?"

बाबांनी कागद बघितला. त्यावर खाली-वर आमची तीन नावं होती. मग त्यांनी भर दुकानात, देवळात देतात तसा आवाज दिला, "होय महाराजा!" आणि आमच्या गावाची खोड अशी की असला आवाज ऐकला की कशासाठी ते कुणी विचारत नाही. सगळी रांग, काळी बोटं वर करून, एका सुरात ओरडली, "होय महाराजा!"

बाबांनी डोळे पुसले आणि तांदळाच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"आता उचल ती. फौजेत फुकट जेवतंस काय?"